डावी पोटरी

ती गेली तेव्हा बावीस वर्षांची होती आणि तिचं बाळ दीड महिन्याचं. जाण्याच्या आदल्या दुपारी माझ्या आईनं तिच्या डाव्या पोटरीला कोमट तिळाचं तेल चोळलं होतं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी किती संबंध, हे मला आजवर कुणी छातीठोकपणे सांगितलेलं नाही. पण आईच्या कानावर यातलं काही जाऊ द्यायचं नाही, एवढं मी त्याच आठवड्यात ठरवलं आणि पुढची चार वर्षं डोळ्यांत तेल घालून ते सांभाळलं.

२००४चा उन्हाळा होता. माझ्या नवऱ्याला पुण्याच्या कंपनीनं नॉर्थ कॅरोलायनातल्या एका आडगावी पाठवलं होतं. तिथे कोंबड्या कापून पॅक करायचा मोठा कारखाना होता, त्या कारखान्याच्या पगाराचं सॉफ्टवेअर लिहायला. अमेरिकेला जायचं म्हणून मी मनात जे जे रंगवलं होतं त्यात कोंबड्या कुठेच नव्हत्या. गावात एक सिग्नल, समोरासमोर दोन चर्च, एक पेट्रोल पंप आणि त्याच पंपावर पिझ्झा. बाकी तंबाखूची शेतं. वारा फिरला की कारखान्याचा वास थेट स्वयंपाकघरात यायचा आणि मी, तेव्हा पोटुशी, सिंककडे धावायचे. आपली माणसं होती ती कॅरीला, गाडीनं दीड तासावर. तिथे ग्रोसरी होती, गणपती बसायचा, संकष्टीला मोदक करणाऱ्या काकू होत्या. मला मात्र गाडी चालवता येत नव्हती आणि डिपेंडंट व्हिसावर नोकरी करता येत नव्हती, त्यामुळे मी दिवसभर घरात बसून भिंतीपलीकडचे आवाज ऐकायचे.

भिंतीपलीकडे ती राहायची. एकाच घराचे मधोमध भिंत घालून दोन भाग केलेले, पुढचा व्हरांडा मात्र सलग. तिचा नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, पंधरा-पंधरा दिवस घरी नसायचा. ती कारखान्यात कटिंगच्या फिरत्या पट्ट्यापाशी उभी राहायची. लाल केस, दंडावर फुलपाखरू गोंदलेलं, आणि बोलणं असं की पहिले दोन महिने मला तिचं निम्मं इंग्रजी कळलं नाही. तिला माझं कळत नव्हतंच. पण पोटं दोघींची एकाच वेळी वाढायला लागली आणि मग भाषेचं फारसं अडलं नाही.

मला गाडी तिनं शिकवली. तिच्या त्या खडखडत्या पिकअपमध्ये, तंबाखूच्या शेतामागच्या खडीच्या रस्त्यावर. माझं पोट स्टिअरिंगला टेकायचं, तिचं डॅशबोर्डच्या दिशेनं निघालेलं, आणि मी ब्रेक दाबला की आम्ही दोघी चौघांना सांभाळत किंचाळायचो. नवऱ्याला कळलं तेव्हा तो म्हणाला, "अगं, लर्नर्स परमिट तरी काढायचंस! पोलिसांनी पकडलं असतं तर?" माझ्या नवऱ्याचा स्वभावच असा. कुठलीही चांगली गोष्ट घडली की त्यात आपला व्हिसा कुठे अडकतो ते तो आधी बघायचा. तिला मी त्याचं बोलणं सांगितलं तर ती इतकी हसली की तिला गाडीतून उतरून उभं राहावं लागलं. बाळ झालं की रुग्णालयातल्या मदतनिसाचा कोर्स करायचा, असं तिनं ठरवलं होतं. कोंबड्यांपेक्षा माणसं बरी, म्हणायची, निदान ती थँक यू तरी म्हणतात.

माझं बाळंतपण करायला आई बार्शीहून आली. बॅगेत डिंक, हळीव, बाळंतशेपा, ओवा, आणि तिळाच्या घाण्याच्या तेलाच्या दोन बाटल्या, प्लास्टिकच्या सात पिशव्यांत गुंडाळलेल्या. आईला आमच्या आळीत सगळे ओळखायचे ते तिच्या तेलाच्या हातामुळे. तो तिचा धंदा नव्हता, हौस होती. कुणाकडे बाळंतीण आहे कळलं की हिचे हात शिवशिवायला लागायचे. आमच्या नात्यातल्या झाडून साऱ्या सुना तिच्या हाताखालून गेलेल्या. सांधा न् सांधा मोकळा करते, असं त्या सांगायच्या, आणि आई ते ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

शेजारणीचं बाळंतपण माझ्याआधी झालं. पोट कापून मुलगा. मागोमाग मला मुलगी झाली. घरी आल्यावर आईनं पहिल्याच दिवशी मला आणि बाळाला धुरी द्यायला काढली. निखारे कुठून आणणार? तिनं लोखंडी तवा लाल होईस्तोवर तापवला आणि त्यावर ओवा-शेपा टाकला. छताला लावलेला धुराचा अलार्म असा काही केकाटला की मला वाटलं, पोरगी जन्मभराची बहिरी झाली. तेवढ्यात दार ढकलून शेजारीण आत. अनवाणी, आखूड चड्डी, नुकत्याच धुतलेल्या केसांतून पाणी गळतंय, एका खांद्यावर तिचं तान्हं आणि दुसऱ्या हातात टॉवेल. खुर्चीवर चढून ती अलार्मखाली टॉवेल फडकवायला लागली.

अलार्म थांबला. आईचा आ मात्र मिटला नव्हता.

"ओली बाळंतीण ना गं ही?" आई मला म्हणाली. "पोटावर टाके, आणि खुर्चीवर चढते? हिचं कुणी नाही का?"

मी विचारलं. तिची आई होती, पण पुढच्या गावी एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात कामाला. रविवारी यायची. नवरा टेनेसीच्या आसपास कुठेतरी होता.

"विचार तिला, तेल कोण लावतं."

आता हे मी कसं विचारणार? मी आपलं म्हटलं, आईला तुझी काळजी वाटतेय. ती खुर्चीवरून उतरली, ओल्या केसांची गाठ मारली आणि आईकडे बघून छान हसली. झालं. त्या दिवसापासून माझ्या आईला दोन लेकी झाल्या.

रोज दुपारी ती यायची. मी पलंगावर, ती खाली चटईवर. आई आधी मला तेल लावायची, मग तिला. पाठ, खांदे, हात. पहिल्या दिवशी ती लाजली, दुसऱ्या दिवशी झोपली, तिसऱ्या दिवशी आपणहून वाटी घेऊन गरम करायला गेली. आईला ती 'आयी' म्हणायची. आई तिला हळिवाची खीर द्यायची, ती नाक मुरडून संपवायची. आई मराठीत बोलायची, ती इंग्रजीत, आणि दोघींचं उत्तम चाललेलं असायचं. मला भाषांतर करायला बोलावलं की समजावं, काहीतरी गंभीर आहे.

एकदा मात्र ती पालथी पडल्या पडल्या काही बोलली आणि आईनं मला विचारलं, "काय म्हणाली?" ती म्हणाली होती की लहानपणापासून कुणी मला इतका वेळ हात लावलेला नाही. मी सांगितलं. आईनं वाटीत बोटं बुडवली आणि पुन्हा पाठीपासून सुरुवात केली.

पाचव्या आठवड्यात ती कामावर गेली. बाळंतपणाची रजा बिनपगारी, आणि तीही संपत आलेली. आई संतापली. पोट कापलेली बाई, थंडगार हॉलमध्ये, पाळीभर उभी! कारखान्याच्या मालकाला गाठून चार शब्द सुनवावेत असं तिनं जावयाला सुचवलं. माझा नवरा त्याच मालकाचे पगार छापत होता. त्यानं भाताचा घास घेतला आणि बराच वेळ चावला.

मग तिचा पाय दुखायला लागला. डावा. आधी पोटरीत गोळा आल्यासारखा, मग टाच टेकवेना. ती गावातल्या क्लिनिकमध्ये गेली. तिथल्या बाईनं तिला बूटही काढायला न लावता सांगितलं की स्नायू आखडलाय, सारखं उभं राहिल्यानं होतं. गोळी घे, शेक दे. ती लंगडत परत आली आणि व्हरांड्याच्या पायरीवर बसली. मी पाय पाहिला. उजव्यापेक्षा जाड होता, लालसर आणि चकाकणारा. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते, कॉमर्सची पदवी होती, आणि बाळंतिणीच्या एकाच पायाला सूज येणं म्हणजे काय असू शकतं याची मला शून्य कल्पना होती. क्लिनिकमधल्या बाईला ती असायला हवी होती. तिच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही, आणि जावा अशी माझी इच्छाही नाही.

आईनं हात लावून पाहिला. "केवढा तापलाय. वात उतरलाय पायात. थंडीत उभी राहते ना." आणि माझ्याकडे वळून, "तिला सांग, चोळल्याशिवाय मोकळा व्हायचा नाही."

मी सांगितलं. डॉक्टरीणबाईनं शेक म्हटलंच होतं, तेल तर शेकाहून बरं. आईनं तेल गरम केलं. चटईवर तिला पालथी झोपवलं आणि टाचेपासून गुडघ्याकडे, अंगठे रोवून, सावकाश, जोर लावून पोटरी चोळली. पहिल्यांदा ती ओरडली. आई म्हणाली, "सोस बाळा, सोस." ते तिला कळलं. उशीत तोंड खुपसून तिनं सोसलं. शेवटी शेवटी तिला डुलकी लागली. तिचं बाळ माझ्या मुलीशेजारी झोपलं होतं, आणि आई पदरानं कपाळ पुसत माझ्याकडे बघून म्हणाली, "उद्या बघ, उड्या मारेल."

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण उरकून मी ताटं विसळत होते. ती कामावर जायच्या आधी बाळाला आमच्याकडे सोडायची, संध्याकाळी तिची मावशी, स्वतःचं काम सुटल्यावर, येऊन न्यायची. दार वाजलं. ती बाळाची टोपली घेऊन उभी होती, कामाचे पांढरे बूट घातलेले.

"पाय कसा आहे?" मी विचारलं.

"आयीला सांग, पाय आज खूप बरा आहे," ती म्हणाली. "जवळजवळ दुखतच नाही."

मी मागे वळून आईला सांगितलं. आईचा चेहरा असा उजळला की तो मी विसरू म्हटलं तरी विसरू शकत नाही.

मग तिनं टोपली खाली ठेवली आणि चौकट धरली. म्हणाली, दम लागतोय, व्हरांडा ओलांडला तेवढ्यात दम लागलाय. हसायचा प्रयत्न केला. ओठ पांढरे पडले होते. छातीत टोचतंय म्हणाली, श्वास घेतला की टोचतं. आईनं तिला धरून खाली बसवलं, पाठीला लोड लावला, माझ्या अंगावर ओरडली, "फोन कर! बघत काय उभी राहिलीस!"

मी ९११ फिरवला. पलीकडची बाई शांतपणे प्रश्न विचारत होती आणि मला आमच्या रस्त्याचं नाव आठवेना. रस्त्याला नाव नव्हतंच, नंबर होता. शेजारणीनंच, भिंतीला डोकं टेकून, एक एक आकडा धापा टाकत मला सांगितला. मी तो फोनमध्ये ओरडले. ॲम्ब्युलन्स तालुक्याच्या गावाहून निघाली होती. तिथून आमच्यापर्यंत नुसती शेतं. आईनं तिचे बूट काढले, तळपाय चोळायला लागली, तळहात चोळायला लागली, "बघ माझ्याकडे, बघ" म्हणत राहिली. तिची नजर आईवरून ढळली नाही. दोन्ही बाळं रडत होती आणि त्यांच्याकडे कुणी पाहत नव्हतं.

सगळ्यांत आधी पोचला तो गावच्या अग्निशमन दलाचा एक स्वयंसेवक, स्वतःच्या पिकअपमधून, शेतातल्या चिखलाच्या बुटांनिशी. त्यानं तिच्या तोंडावर ऑक्सिजन लावला. तिला तो नावानं हाक मारत होता, शाळेत एका वर्गात होते म्हणे. बऱ्याच वेळानं ॲम्ब्युलन्स आली. स्ट्रेचरवर घेताना तिनं मास्क बाजूला करून मला काहीतरी सांगितलं. मी कान जवळ नेला. "दुधाची बाटली बॅगेत आहे," ती म्हणाली. मी म्हटलं, हो, तू जा, मी बघते. दार बंद झालं, गाडी गेली. खडीवरची धूळ खाली बसेपर्यंत आम्ही दोघी तिथेच उभ्या होतो.

बाटली बॅगेत होती. एकच. ती तासाभरात संपली. दुधाच्या पावडरीचा डबा तिच्या घरात, घराला कुलूप, आणि किल्ली तिच्या पर्समध्ये, पर्स ॲम्ब्युलन्समध्ये. माझा नवरा गाडी घेऊन निघाला होता, पण कारखान्याच्या गेटवर अडकला होता. पोर भुकेनं निळं पडायला लागलं. आई माझ्याकडे बघत होती. मला कळलं ती काय म्हणणार ते.

"घे त्याला," आई म्हणाली.

"आई, दुसऱ्याचं मूल आहे. न विचारता? या देशात? कुणी काय म्हणेल!"

"भुकेलेलं मूल आहे. घे."

मी घेतलं. तो इतक्या जोरानं ओढायला लागला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मग ते थांबेचना. माझी मुलगी आईच्या मांडीवरून टकामका बघत होती. आम्हाला तोपर्यंत कुणी काही सांगितलेलं नव्हतं, पण तो दूध पीत असताना मला कळून चुकलं होतं.

संध्याकाळच्या सुमारास तिची आई आली. वृद्धाश्रमाचा ॲप्रन तसाच अंगावर. व्हरांड्यात उभी राहून तिनं एका वाक्यात सांगितलं. रुग्णालयात पोचेपर्यंतच संपलं होतं. मग ती आत आली, बाळाकडे पाहिलं, आणि काय बोलावं हे न सुचल्यामुळेच असेल, पण तिनं विचारलं की दुपारभर यानं काय घेतलं. मी सांगून टाकलं. वाटलं, आता ही चिडेल, पोलिसांना बोलावेल, नवऱ्याचे सगळे व्हिसे एका झटक्यात जातील. ती माझ्याकडे बघत राहिली. मग माझ्या शेजारी बसली, माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं, आणि माझ्या आईच्या वयाची ती बाई लहान मुलीसारखी रडली.

माझा नवरा आला. सगळं ऐकून घेतलं. आई आतल्या खोलीत आहे याची खात्री करून तो हलक्या आवाजात म्हणाला, "काल आईंनी तिला मसाज केला होता ना? हे कुणाला बोलू नकोस हं. इथे मसाजला पण लायसन्स लागतं. लायेबिलिटी असते, यार. आई व्हिजिटर व्हिसावर आहेत."

मी त्याला तेव्हा जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. लायसन्स! तिकडे पोर मेली आहे आणि याला लायसन्स. पण त्याच्या बोलण्यातून डोक्यात एक किडा शिरला तो शिरलाच. दुसऱ्या दिवशी आई आंघोळीला गेलेली बघून मी कॅरीच्या डॉक्टर काकांना फोन केला. आमच्यातल्या कुणालाही शिंक आली तरी फोन त्यांनाच जायचा. मी सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, कुठला पाय? एकच सुजला होता? गरम होता? लाल? मी हो हो म्हणत गेले. मग मी तेलाचं सांगितलं. आणि पाय दुसऱ्या दिवशी बरा वाटत होता, तेही सांगितलं.



"पायात रक्ताची गाठ असणार," काका म्हणाले. "ती सुटून फुफ्फुसात जाते. आपोआपसुद्धा सुटते, चालताना, उभं राहताना. चोळल्यानंच सुटली असं कुणी सांगू शकत नाही."

"आणि चोळल्यानं नाही सुटली, असं?"

"तेही नाही सांगता येणार. हे बघ बेटा, आईंना काही सांगू नकोस. त्या जगू शकणार नाहीत."

फोन ठेवला तेव्हा बाथरूममधलं पाणी थांबलेलं होतं. कधी थांबलं, देव जाणे. आई केस पुसत बाहेर आली आणि तिनं विचारलं, कुणाचा फोन. मी म्हटलं, काकूंचा, चौकशी करत होत्या.

शेवटचं दर्शन चर्चच्या हॉलमध्ये होतं. आईनं फिकट सुती साडी नेसली, वर माझा स्वेटर. हॉलमध्ये एसीचा गारठा. तिचा नवरा टोपी हातात चुरगाळत उभा होता, दोन दिवस सलग गाडी चालवून आलेला; त्याला बसायला सांगितलं तरी तो बसत नव्हता. पेटीत ती होती. लाल केस नीट विंचरलेले, कोपरापर्यंत बाह्यांचा निळा झगा. फुलपाखरू झाकलेलं. पेटीचं झाकण दोन भागांत असतं तिकडे. वरचा भाग उघडा, कमरेपासून खालचा बंद.

तिची आई पुढे आली आणि तिनं माझ्या आईचे दोन्ही हात धरले. मग माझ्याकडे बघून बोलायला लागली. डॉक्टर म्हणतात, पायातून गाठ वर गेली. क्लिनिकनं गोळी देऊन घरी पाठवलं. त्या पायासाठी कुणी काही केलं असेल तर ते फक्त तुझ्या आईनं. तिला सांग. शब्दन् शब्द सांग.

"काय म्हणतेय?" आईनं विचारलं.

आमच्यामध्ये फक्त मी होते. या बाजूचं त्या बाजूला न्यायला दुसरं कुणी नव्हतं.

"म्हणते, तुम्ही माझ्या लेकीचं फार केलंत."

"आणि कशानं गेली म्हणते?"

"हृदय," मी म्हटलं. "हृदय बंद पडलं. जन्मापासून काहीतरी होतं म्हणे."

आईनं मान हलवली. ती पेटीकडे बघत होती, त्या बंद अर्ध्या भागाकडे.

"पाय का गं झाकलेत?" ती म्हणाली.

"पद्धत आहे इथली."

 घरी आल्यावर नवऱ्यानं तेलाची राहिलेली बाटली कचऱ्यात टाकली, माझ्या नकळत. दुसऱ्या दुपारी मी पलंगावर पडले आणि आईची वाट पाहिली. ती दारात आली, फडताळातल्या रिकाम्या जागेकडे पाहिलं आणि म्हणाली, "आता पुरे. सव्वा महिना होतच आला तुझा." मला हायसं वाटलं. नवऱ्याला मी रात्रीच्या जेवणाच्या आत सांगितलं की आईला काही संशय नाही. आई परत जाईपर्यंतच्या दोन महिन्यांत मी आई आणि शेजारी यांच्यामध्ये भिंतीसारखी उभी राहिले. पलीकडची जागा रिकामी झाली, तिचं सामान गेलं, पोराला आजी घेऊन गेली. मग आईचं परतीचं विमान.

त्यानंतर चार वर्षं मी पहारा केला. फोनवर आई विचारायची, त्या लेकराचं काय गं? मी म्हणायचे, छान आहे, आजीकडे आहे, आणि पटकन विषय बदलायचे. आम्ही कॅरीला घर घेतलं. मला नोकरी लागली, रोज हायवेवरून गाडी हाकायला लागले, आणि लेन बदलताना अजूनही तिचा आवाज कानात यायचा, आरशात बघ, मग खांद्यावरून बघ, मग जा. २००८ साली मला दुसऱ्यांदा दिवस गेले. आईनं तिकीट काढलं. मला धास्ती वाटली ती एवढ्याचीच, की पुन्हा तेल, पुन्हा चटई, पुन्हा दुपार, आणि तिच्या तोंडून काही निघालं तर मी तोंड कसं लपवू.

आईच्या बॅगेत डिंक होता, हळीव होता. तेलाची बाटली नव्हती.

मुलगा झाला. घरी आल्यावर पहिल्याच सकाळी आई माझ्या पायाशी येऊन बसली. तिनं पांघरूण वर केलं. कमरेच्या पिशवीतून एक जाड दोरा काढला, माझ्या उजव्या पोटरीभोवती गुंडाळला, जिथे टोकं जुळली तिथे नखानं खूण धरली. मग तोच दोरा डाव्या पोटरीला. दोन्ही सारख्या आहेत बघितल्यावर तिनं तळहाताची मागची बाजू दोन्ही पायांना लावून पाहिली, ताप बघतात तशी.

मी पाय ओढून घेतले. "हे काय करतेस?"

"काही नाही. सूज बघतेय."

"कुणी सांगितलं तुला असं बघायला?"

आईनं दोरा बोटाला गुंडाळला. "इथून परत गेले ना, त्याच आठवड्यात आपल्या डॉक्टरांकडे गेले होते. त्यांना सांगितलं, एक पाय होता, असा असा सुजलेला, असा लाल, तापलेला. दीड महिन्याची बाळंतीण. मी चोळला. दुसऱ्या दिवशी दुखायचा थांबला आणि पोरगी गेली. हे कशानं, म्हटलं." तिनं दोरा सोडवला, पुन्हा गुंडाळला. "डॉक्टर मला बसा म्हणाले, आणि चहा सांगितला. चाळीस वर्षं जाते मी त्यांच्याकडे, कधी पाणी विचारलं नाही त्या माणसानं. तेव्हाच कळलं."

 पाळण्यात बाळ चुळबुळ करत होतं.

"चार वर्षं?" मी म्हटलं. "चार वर्षं तुला माहीत होतं आणि तू दर रविवारी फोनवर माझ्याकडून ऐकून घेत होतीस? बोलली का नाहीस?"

"तू मला वाचवत होतीस ना," आई म्हणाली. "म्हटलं, वाचवू दे."

मला तिचा इतका राग आला की मी पांघरूण भिरकावून दिलं. मग तिचा हात ओढून मी माझ्या डाव्या पोटरीवर ठेवला आणि म्हटलं, चोळ. तेल नसलं तरी चोळ. मला काही झालेलं नाही, दोन्ही पाय सारखे आहेत, तूच बघितलंस. चोळ.

तिनं चोळली नाही. दाबलीही नाही. हात मात्र काढला नाही. बाळ उठून रडायला लागेपर्यंत ती तशीच बसून होती, माझ्या पोटरीवर हात नुसता ठेवून.